जुनी वाईन वेगळी, जुन्या वेलीची वाईन वेगळी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाईनवर आलेला लेख मी दोनदा वाचला. आपल्याकडे या विषयावर एवढं सविस्तर कोणी लिहीत नाही, म्हणून आनंद झाला. पण त्यात 'ओल्ड व्हाइन' या शब्दांचा अर्थ 'जुनी, मुरलेली वाईन' असा दिला आहे. तो चुकीचा आहे ('व्हाइन' म्हणजे वेल, वाईन नव्हे) आणि माझ्यासारख्या द्राक्षवाल्याला तो टोचतो, म्हणून हे पत्र.

जुनी वाईन म्हणजे बाटलीत बरीच वर्षं राहिलेली वाईन. जुन्या वेलीची वाईन गेल्या वर्षीचीसुद्धा असू शकते. तिथे वय बाटलीचं मोजत नाहीत, ज्या वेलीवर घड आले तिच्या खोडाचं मोजतात. पस्तीस वर्षांपूर्वी आजोबांनी लावलेल्या वेलीला यंदा माल आला आणि यंदाच त्याची वाईन केली, तर वाईन नवी आणि वेल जुनी. हा फरक मलाही वयाच्या पासष्टीपर्यंत नीट कळला नव्हता. या जानेवारीत कळला. तो कसा, ते सांगतो.

मी पिंपळनेरजवळ पांझरेच्या काठी शेती करतो. तीस वर्षं द्राक्षं केली. थॉमसन केली, सोनाका केली (या खायच्या जाती) आणि मध्ये सहा वर्षं शिराझ ही वाईनची जातही केली. तिच्याबद्दल पुढे येईल. माझी लेक आणि जावई ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला असतात. तिथून तास-दीड तासाच्या अंतरावर बारोसा म्हणून द्राक्षांचं खोरं आहे. जावई शेतकऱ्याच्या घरचा आहे, सुट्टीत बागा बघायला जातो. दिवाळीला आले तेव्हा त्यांनी एक बाटली आणली. शिराझ, २०१६ ची. मागच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की ही ज्या वेलींची आहे त्या सत्तर वर्षांहून जुन्या आहेत.

ही बाटली मी लगेच उघडू दिली नाही, त्याला कारण आहे. आधी २०१८ च्या मार्च महिन्यात त्यांनी अशीच एक आणली होती. ती मी दिवाणखान्यातल्या कपाटावर, पत्र्याच्या छताखाली ठेवली. मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीसला टेकतो, घरात रात्रीसुद्धा भिंती गरम असतात. जूनमध्ये बघतो तर बूच दोन सुतं वर आलेलं आणि बाटलीच्या मानेवरून चिकट ओघळ वाळलेला. आतली वाईन तपकिरी पडली होती आणि वास उतू गेलेल्या काकवीचा. ती बाग ज्यानं सांभाळली त्या माणसाची मेहनत माझ्या कपाटावर शिजून गेली, याचं मला फार वाईट वाटलं. खान्देशात कोणी चांगली बाटली घरी आणणार असेल तर एवढं ऐकावं: उन्हाळ्याच्या आत ती संपवावी, नाहीतर घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ती आडवी ठेवावी. या वेळी मी बाटली कोठीत ज्वारीच्या पोत्यांमागे ठेवली आणि संक्रांतीनंतरच्या थंडीची वाट पाहिली.

गच्चीवर आम्ही पाच जण होतो. मी, घरची मंडळी, लेक, जावई आणि शेजारचे आप्पा. आप्पा माळकरी आहेत, ते घेत नाहीत, कधी घेणारही नाहीत. पण द्राक्षातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून मी त्यांना 'नुसतं बसा' म्हटलं होतं.

थंडी इतकी होती की वाईन उलट जास्तच गार झाली होती. तांबडी वाईन 'घरातल्या तापमानाला' प्यावी असं छापलेलं असतं, ते युरोपातल्या जुन्या दगडी घरांचं तापमान, सोळा ते अठरा अंशांचं. आपल्या घराशी त्याचा संबंध नाही. उन्हाळ्यात बाटलीला ओला पंचा गुंडाळून माठाशेजारी ठेवावी लागेल आणि जानेवारीत हाताच्या ओंजळीत ग्लास धरून थोडी ऊब द्यावी लागेल. जावयानं वाईन सरबताच्या काचेच्या जगमध्ये ओतून तासभर तशीच ठेवली. बाटलीच्या तळाला गाळ राहिला तो ओतला नाही.

सुरुवातीला मी आपल्या सवयीनं स्टीलच्या फुलपात्रात घेतली. वास आलाच नाही. पसरट तोंडातून तो उडून जातो आणि जिभेला नुसता धातू लागतो. लेकीनं मग पोटाला फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा ग्लास दिला, त्यात तिसरा हिस्साच भरला आणि हळूच गोल फिरवायला सांगितलं. रंग असा की पिकलं जांभूळ चिरडल्यावर बोटाला लागून वाळतं तसा, पण ग्लास तिरका करून पांढऱ्या उपरण्यावर धरला तर कडेला थोडी विटकरी झाक. तेवढं आठ-नऊ वर्षांचं वय बाटलीतलं. बाकी सगळं वेलीचं.

आप्पांनी ग्लास घेतला, डोळे मिटले, वास घेतला आणि परत दिला. म्हणाले, "आखाडमा जांभयना झाडखाले बठनं का असाच वास येस." त्यानंतर मला वेगळं काही सुचेना. खरंच, पहिला वास तोच होता: पावसात पडलेली, थोडी फुटलेली, मातीला लागलेली जांभळं. मग मागून काळी मिरी आली. ताजी कुटलेली, नाकात किंचित चुरचुरणारी. हा माझा भास असावा असं मला वाटलं, पण जावयानं सांगितलं की शिराझच्या सालीत रोटंडोन नावाचं द्रव्य असतं, मिरीचा वास ज्यानं येतो तेच, आणि ऑस्ट्रेलियातल्याच संशोधकांनी ते ओळखून काढलं. तासाभरानं पुन्हा वास घेतला तेव्हा जांभळं मागे गेली होती, आलुबुखारा आणि सुकलेल्या तंबाखूच्या पानासारखं काहीतरी पुढे आलं होतं.

आता चव. इथेच मला खरी गोष्ट कळली. २००७ मध्ये माझ्या स्वतःच्या शिराझच्या मालाची वाईन मी चाखली होती. चौथ्या वर्षाच्या वेली, भरपूर माल. ती हिरवट तुरट होती. कच्चं केळफूल चावल्यावर जीभ टाळूला चिकटते तशी. तुरटपणा एका जागी, जिभेच्या मधोमध, आणि गिळल्यावर बाकी सगळं गायब. मी तेव्हा समजलो होतो की शिराझ अशीच असते.

या बाटलीतही तुरटपणा होता, कमी नव्हता. पण तो बारीक होता. आमच्याकडे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याचं पीठ करतात. जात्यावरचं ते पीठ चिमटीत घेऊन चोळलं की कसं रेशमासारखं आणि तरी कणीदार लागतं, तसा. तो सगळ्या तोंडभर, हिरड्यांपर्यंत सारखा पसरला. आंबटपणा चिंचेसारखा समोर येत नव्हता, तो आतून धरून ठेवणारा होता. चव मध्येच कुठे रिकामी झाली नाही. पहिल्या घोटापासून शेवटपर्यंत भरलेली. गिळल्यावर ती किती राहते ते बघायला मी काही बोललो नाही, खाल्लं नाही. आप्पांनी चंची उघडली, पान काढलं, पुसलं, चुना लावला, कात घातला, सुपारी कातरली आणि विडा तोंडात टाकला. तोवर ती माझ्या तोंडात होती.

जेवणाबाबत आमची चूक झाली तीही सांगतो, कारण इतरांच्या उपयोगाची आहे. घरी काळ्या मसाल्याचं मटण केलं होतं, नेहमीसारखं झणझणीत. त्याच्याबरोबर ही वाईन बिघडली. साडेचौदा टक्के अल्कोहोल मिरचीवर पडलं की नुसता जाळ होतो आणि वाईनमधला तुरटपणा कडू लागायला लागतो. मग घरच्या मंडळींनी ताटात वांग्याचं भरीत वाढलं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, लेकीच्या मुलांसाठी मिरची अगदी कमी घातलेलं, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे. वांग्याच्या सालीचा जो करपट धूर भरतात उरतो तो आणि वाईनमधला मिरीचा वास एकमेकांना असे सापडले की लेक आणि मी एकदमच एकमेकांकडे बघितलं. सोबत कळण्याची भाकरी आणि लोणी. साडेसातशे मिलीची एक बाटली आम्हा चौघांत रात्री दहापर्यंत पुरली.

दारूनं आपल्या भागातली किती घरं बसवली आहेत ते मी पाहिलं आहे आणि गावोगावच्या बायांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्याचा मला आदर आहे. हे पत्र कोणाला प्यायला लावण्यासाठी नाही. मला बोलायचं आहे ते वेलीबद्दल.

जुन्या वेलीत काय होतं? तिची मुळं खोल गेलेली असतात, त्यामुळे एखादा पाऊस हुकला किंवा जास्त झाला तरी ती नव्या वेलीसारखी लगेच गडबडत नाही. खोड जाड झालेलं असतं, त्यात अन्नाचा साठा मोठा असतो. घड मात्र ती कमी धरते आणि मणी बहुधा लहान राहतात. खाण्याच्या द्राक्षात आम्ही याच्या बरोबर उलट करतो: घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्ल या वाढीच्या संप्रेरकाच्या, द्रावणात बुडवून मणी फुगवतो, कारण बाजाराला मोठा, पातळ सालीचा, रसाळ मणी लागतो. तांबड्या वाईनचा रंग, वास आणि तुरटपणा मुख्यतः सालीतून येतो. मणी लहान म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त. अर्थात वेल जुनी म्हणून वाईन आपोआप चांगली होत नाही. रोगट, दुर्लक्षित म्हातारी वेल वाईट मालच देते. पण जी वेल सत्तर वर्षं कोणी ठेवली, ती बहुतेक चांगला माल देते म्हणूनच ठेवली असते.

'जुनी' कितीला म्हणायचं हे पुष्कळ देशांत कोणी ठरवलेलंच नव्हतं. फ्रान्समध्ये चिठ्ठीवर तसं छापायला आजही कायद्यानं वयाची अट नाही. बारोसावाल्यांनी २००९ मध्ये आपली यादी केली: पस्तीस वर्षांवर जुनी, सत्तरवर तगून राहिलेली, शंभरवर शतायुषी आणि सव्वाशेच्या वर पूर्वज. तिथे १८४३ साली लावलेल्या शिराझच्या वेली आजही माल देतात. दक्षिण आफ्रिकेत पस्तीस वर्षांवरच्या बागेच्या बाटलीवर शिक्का लावतात आणि त्यावर लागवडीचं सालही असतं. २०२४ मध्ये द्राक्ष आणि वाईनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनंही पस्तीस हाच आकडा धरला. स्लोव्हेनियात मारिबोर गावी एका घराच्या भिंतीला चारशे वर्षांहून जुनी एक वेल आहे, अजून घड धरते.

युरोपात एवढ्या जुन्या बागा कमी उरल्या, कारण १८६० च्या दशकात अमेरिकेतून फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड आली आणि फ्रान्सच्या बागाच्या बागा गेल्या. उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर कलम बांधण्याचा. आपण डॉगरीज खुंटावर कलम करतो तो त्याच विद्येचा वारसा, फक्त आपलं कारण पाण्याचा ताण आणि क्षार. बारोसा ज्या राज्यात आहे त्या दक्षिण ऑस्ट्रेलियानं बाहेरून काडी-रोप आणण्यावर कडक बंदी घातली आणि तिथे ती कीड आजवर पोचलेली नाही. म्हणून त्यांच्या जुन्या वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत.

पण त्या वाचल्या त्या सहज नाहीत. त्या रात्री जावयानं सांगितलेलं मी विसरू शकत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथे द्राक्षं जास्त झाली, भाव पडला आणि सरकारनं वेली उपटण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे दिले. शिराझ आणि ग्रेनाशच्या कितीतरी जुन्या बागा त्या दोन-तीन वर्षांत निघाल्या. काही मोजक्या वाईन करणाऱ्यांनी हट्टानं त्यांचा माल बरा भाव देऊन घेतला आणि उरल्या त्या वाचल्या. मी जी वाईन पीत होतो ती अशाच एखाद्या न उपटलेल्या बागेतली होती.

हे ऐकलं आणि माझा घास अडला. कारण मी उपटली आहे.

२००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, नाशिककडे वायनऱ्या उभ्या राहिल्या आणि आमच्यापर्यंत हवा आली. २००४ मध्ये मी एक एकर शिराझ लावली, साडेआठशे वेली. एका वायनरीनं माल घ्यायचं कबूल केलं होतं. पहिली वर्षं घेतलाही. २००८ नंतर मंदी आली, मागणी बसली, टाक्या भरून राहिल्या. २००९ च्या हंगामात माझा माल तोडणीला तयार असताना निरोप आला की यंदा नको. शिराझ बाजारात खायला कोण घेणार? बारीक मणी, बिया, जाड साल. पुढच्या वर्षीही तेच. २०१० च्या एप्रिलमध्ये, खरडछाटणीच्या ऐवजी, मी जेसीबी लावला. नाशिक पट्ट्यातही तेव्हा अनेकांनी हेच केलं. मी कोणाला दोष देत नाही, घर चालवायचं होतं. त्या एकरात आज डाळिंब आहे.

विहिरीच्या काठच्या सात वेली तेवढ्या राहिल्या. घरच्या मंडळींनी जेसीबीवाल्याला तिथे येऊ दिलं नाही. "सावली पडते, राहू दे," एवढंच म्हणाल्या. त्या वेलींना खतं मोजून मिळाली नाहीत, ठिबकची नळीही नाही. विहिरीच्या ओलीवर आणि पावसावर जगल्या. त्यांना आता वीस वर्षं उलटून गेली आहेत. खोड माझ्या मनगटापेक्षा जाड झालं आहे, साल दोरीसारखी सुटते. प्रत्येकीला मोजून बारा-पंधरा घड येतात. वाईन मी करत नाही, तो परवाना माझ्याकडे नाही आणि कायदा मोडायचा नाही. पण गेल्या फेब्रुवारीत, ती बाटली प्यायल्यानंतर महिनाभरानं, मी त्यातला एक घड तोडून मणी सालीसकट सावकाश चावला. बी तपकिरी, दाताखाली कुरकुरीत, बदामासारखी. सालीत तो हिरवट तुरटपणा नव्हता. मी आप्पांना नेऊन दिला. त्यांनी दोन मणी खाल्ले आणि म्हणाले, "त्या दिनना वास याम्हा शे." त्या दिवसाचा वास यात आहे.

आपल्या हवेत द्राक्षवेलीला हिवाळ्याची झोप मिळत नाही. वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळछाटणी. वेल सतत कामाला जुंपलेली. म्हणून बारा-पंधरा वर्षांत माल कमी झाला की आपण बाग काढतो आणि खाण्याच्या द्राक्षात ते हिशेबाला धरून आहे. आपल्याकडे वेल पस्तीस वर्षं उत्तम माल देईल का, हे ठेवून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. आणि ठेवून पाहायचं तर आधी कुठे काय उभं आहे ते माहीत हवं. माझ्या सातबाऱ्यावर 'द्राक्ष' असायचं, कोणत्या सालची ते कुठेच नव्हतं.

म्हणून आपल्याला एक विनंती. साक्री, बागलाण, कळवण, दिंडोरी, निफाड या तालुक्यांत ज्यांच्याकडे वीस वर्षांवरची द्राक्षवेल उभी आहे, मग ती बाग असो, बांधावरची एखादी वेल असो किंवा अंगणातला मांडव, त्यांनी जात, लागवडीचं साल, खुंट आहे की स्वतःच्या मुळावर, आणि गाव, एवढं आपल्या वृत्तपत्राकडे कळवावं असं आवाहन आपण करावं. दर महिन्याला चार ओळी छापल्या तरी चालेल. आपले बातमीदार गावोगाव आहेत, हे काम आपल्याइतकं सहज दुसऱ्या कोणाला जमणार नाही. वायनरीवाल्यांनाही ती यादी उपयोगी पडेल. आणि ज्याच्या नावावर त्या यादीत वेल असेल, तो जेसीबी लावण्याआधी एकदा थांबेल.

पहिली नोंद माझी धरावी: शिराझ, २००४, डॉगरीज खुंट, सात वेली, पिंपळनेर परिसर. आमच्याकडे आगाप, म्हणजे लवकरची, छाटणी असते, येत्या पंधरवड्यात या सातांची होईल. ज्या शेतकऱ्याला कलमासाठी काडी हवी असेल त्यानं आपल्या कार्यालयातून माझा पत्ता घ्यावा. प्रत्येक वेलीच्या दहा काड्या मी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. पैसे नकोत.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
पिंपळनेर परिसर, ता. साक्री, जि. धुळे
(नाव छापू नये, ही विनंती)